पहिली गोळी : परळच्या गिरणगावापासून आपल्या हातापर्यंत

आजचा विषय तसा घरगुती. पाळी चुकते, चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात आणि प्रश्न पडतो की आता पहिलं काय करायचं? इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आज या प्रश्नाला डॉक्टर जे उत्तर देतात त्याची मुळं मुंबईत, परळच्या गिरणगावात आहेत. म्हणून हा धागा आज आपण उलगडणार आहोत.

सुरुवात आपल्या घरापासून करू. आपल्याकडे दिवस गेल्याची बातमी लगेच बाहेर सांगायची पद्धत नव्हती. तिसरा महिना लागला की घरातल्या चार बायका मिळून चोरओटी भरायच्या. नावातच सगळं आलं, गाजावाजा करायचा नाही. डोहाळजेवणाचा थाट पुढे, सातव्या महिन्यात. या लपवाछपवीला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढू नये. गर्भ पडण्याचे प्रसंग सर्वांत जास्त पहिल्या तीन महिन्यांतच येतात, हे त्या बायकांनी अनुभवानं ओळखलेलं होतं. आधी सांगायचं आणि मग सगळ्यांना उत्तरं देत बसायचं, त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. पण याचा अर्थ असाही होता की गरोदर बाईची खास काळजी सुरू व्हायची ती तीन महिने उलटल्यावर. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता १९२८ सालच्या मुंबईत जाऊ. गिरण्यांमध्ये हजारो बायका कामाला होत्या. पोटुशी असतानाही शेवटच्या दिवसांपर्यंत कामावर जायचं, कारण खाडा झाला की पगार बुडाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबई विधिमंडळात प्रसूतीच्या काळातल्या भत्त्याचं विधेयक चर्चेला आलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली कायदा झाला. या प्रकारचा हा देशातला पहिला कायदा.

त्याच १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर बायकांच्या मृत्यूंचा अभ्यास चालू होता आणि डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. काम परळच्या हाफकिन संस्थेत. कोडं असं होतं : गरोदरपणात काही बायका पांढऱ्याफटक पडायच्या, धाप लागायची, आणि त्यातल्या कित्येक दगावायच्या. रक्त तपासलं तर लाल पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या. म्हणजे हा नुसता लोह कमी पडल्याचा प्रकार नव्हता, कारण लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात.

विल्स बाई प्रयोगशाळेत बसून राहिल्या नाहीत. कुठल्या घरातली बाई काय खाते, याची त्यांनी चौकशी केली. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूधदुभतं फारसं नाही अशा गरीब बायकांमध्ये, विशेषतः गरीब मुसलमान बायकांमध्ये, हा आजार जास्त दिसला. मग एच. एस. बिलिमोरिया यांच्या सोबतीनं त्यांनी माकडांना तसाच तुटपुंजा आहार देऊन पाहिला. माकडांनाही तसाच रक्तक्षय झाला! म्हणजे दोष जंतूंचा नव्हता, ताटाचा होता.

उपाय सापडला तोही साधा. यीस्टचा अर्क, विलायतेत पावाला लावून खातात तो मार्माइट. तो दिल्यावर बायका सुधारू लागल्या. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कळलेलं नव्हतं, म्हणून पुढे त्याला ‘विल्स घटक’ असंच म्हणू लागले.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून हा पदार्थ वेगळा काढला गेला आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक आम्ल. १९४५च्या सुमारास तो कृत्रिमरीत्या तयार झाला. ज्या प्रयोगशाळेनं हे केलं तिथलं संशोधन सांभाळत होते आपले आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

इथपर्यंतची गोष्ट आईच्या रक्ताची. आता बाळाची. १९९१ साली एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. सात देशांतल्या ३३ केंद्रांवर, आधीचं मूल मज्जारज्जूच्या व्यंगाचं झालेल्या बायकांवर ती झाली होती. दिवस राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल घेतलं तर ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, असं दिसलं.

आधीपासून का? तर बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. हिशेब करा. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना तोवर कळलेलंही नसतं. आणि चोरओटी? ती तर तिसऱ्या महिन्यात!

मंडळी, आज आम्हाला सांगायचंय ते हेच. बातमी शेजारीपाजारी कधी सांगायची हा जिचा तिचा प्रश्न. चोरओटी खुशाल चोरून भरा. पण डॉक्टरांपासून, आशाताईंपासून, नर्सबाईंपासून तीन महिने लपवू नका. मूल हवं असं ठरवलं की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावं आणि पहिले तीन महिने चालू ठेवावं, असं आपल्या सरकारी कार्यक्रमातही सांगितलं आहे. आधी असं व्यंगाचं मूल झालं असेल तर मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी सुरू होते, तिच्यातही फॉलिक आम्ल असतंच.

आणि दिवस राहिल्याचं कळलं तर? बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब, वजन, लघवी या तपासण्या करून घ्या. फिटची, थायरॉईडची, रक्तदाबाची कसली औषधं चालू असतील तर ती पहिल्याच भेटीत सांगा, मनानं बंद करू नका. तंबाखू, मिश्री, दारू मात्र त्याच दिवशी सोडा. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, रक्त गेलं, भोवळ आली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

शेवटी एवढंच. त्या गिरणगावातल्या बायकांची नावं कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत. त्यांच्या रिकाम्या ताटांवरून जगाला हे ज्ञान मिळालं. आज जगभर गरोदर बाईला जी गोळी पहिल्यांदा देतात, तिच्यात त्यांचा वाटा आहे. आणि तरीही आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त आजही कमी भरतं. गोळी फुकट मिळते, ती वेळेवर पोटात जात नाही. तेव्हा घरी गेल्यावर लेकीला, सुनेला, बहिणीला हे सांगा, आणि पुरुष मंडळींनी तर आवर्जून सांगा. जेवताना ताटात पालेभाजी आधी कुणाच्या पडते, तेही जरा बघा.