स्नायुबल-संक्रमण व पुण्यातील पुनर्वसन-चिकित्सा

स्नायुबल-संक्रमण : कंकालस्नायूच्या आकुंचनातून निर्माण झालेले बल कंडरेमार्फत हाडापर्यंत व हाडाकडून बाह्य भारापर्यंत पोहोचण्याच्या क्रियेस ‘स्नायुबल-संक्रमण’ म्हणतात. मेरुरज्जू, तंत्रिका (मज्जातंतू), स्नायू, कंडरा व हाड हे या साखळीचे दुवे होत. त्यांपैकी एक तुटला, तर इतर शाबूत असूनही अवयव निकामी होतो. तुटलेला दुवा ओळखणे व उरलेल्या बलाला दुसरी वाट करून देणे, हे पुनर्वसन-चिकित्सेचे मुख्य सूत्र आहे. विसाव्या शतकात युद्ध आणि कुष्ठरोग यांच्या निमित्ताने पुणे परिसरात जे कार्य झाले, त्याच्या इतिहासात या सूत्राची प्रचीती येते.

बलाची निर्मिती व मार्ग : स्नायुतंतूतील ॲक्टिन व मायोसीन या प्रथिनांचे तंतुक एकमेकांवरून सरकल्यामुळे आकुंचन घडते, हा सिद्धांत १९५४ मध्ये अँड्रू हक्सली व रॉल्फ नीडेर्गेर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी स्वतंत्रपणे मांडला. स्नायूच्या दर चौ. सेंमी. काटछेदामागे सु. २ ते ३ किग्रॅ. भाराइतके बल उत्पन्न होते. ते तंतूच्या टोकाकडून कंडरेत जाते. शिवाय तंतूच्या आवरणातून शेजारच्या संयोजी ऊतकातही पसरते. स्नायू केवळ ओढू शकतो; हालचालीची दिशा व आवाका कंडरेच्या जोडणीवरून ठरतो. कोपरापासून ५ सेंमी. अंतरावर जोडलेल्या स्नायूला ३५ सेंमी. अंतरावरील तळहातात ५ किग्रॅ. वजन तोलण्यासाठी सु. ३५ किग्रॅ. भाराइतके बल लावावे लागते. म्हणूनच जोडणीची जागा बदलली की त्याच स्नायूचे कार्यही बदलते.

हाडाचा दुवा : पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल ही संस्था निघाली, ती पुढे खडकी येथे हलविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. पुढे नागरिकांनाही त्याचा लाभ मिळू लागला. अवयव कापला जातो तेव्हा हाडाबरोबर स्नायूंची जोडणीही जाते. मांडीतून पाय कापल्यास मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंची खालची पकड सुटते, बाहेर ओढणारे स्नायू वरचढ ठरतात आणि चालताना तोल जातो. यासाठी कापलेले स्नायू योग्य ताण देऊन हाडाशी टाचण्याची पद्धत रूढ झाली. स्नायू आखडू न देणेही तितकेच महत्त्वाचे आहे. मांजराच्या पोटरीतील स्नायू आखूड स्थितीत चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवल्यास त्याच्या तंतूंतील आकुंचन-एककांची संख्या सु. ४० टक्क्यांनी घटते, असे १९७२ मधील एका प्रयोगात आढळले. प्लास्टर काढल्यावर ती पूर्ववत झाली. खुंटाच्या व्यायामाला असलेले महत्त्व यावरून लक्षात येते.

तंत्रिकेचा दुवा : कुष्ठरोगात कोपराजवळून जाणाऱ्या तंत्रिकेला इजा झाली, की तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात व बोटे नखीसारखी वाकतात. हात धड असूनही घास उचलता येत नाही, अवजार धरता येत नाही; वाकलेली बोटे रोगाची खूण ठरून रोजगार व घर दोन्ही तुटतात. पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांनी १९४८ मध्ये वेल्लोर येथे अशा हातांवर कंडरा-स्थानांतराच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. महाराष्ट्रात या कामाचा पाया नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनी घातला. इंग्लंडमधून परतल्यावर १९५०–६० या दशकात त्यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरोग रुग्णालयात शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुघटनशल्य विभाग उभारला.

प्रत्येक बोट वाकविणारे दोन लांब स्नायू असतात. त्यांपैकी एकाची कंडरा सोडवून, चिरून, तिचे पदर बोटांच्या बाजूंना जोडता येतात. बोटांच्या पेरात वाकविणारे बल आता मुळाशी वाकविते आणि पेरे सरळ होतात. मात्र निवडलेल्या स्नायूची धाव नव्या कामास पुरेशी असावी लागते. मनगटाच्या स्नायूंची धाव सु. ३ सेंमी., बोटे उघडणाऱ्यांची ५ सेंमी. व मिटणाऱ्यांची ७ सेंमी. असते. स्थानांतरात स्नायूची शक्तीही काहीशी घटते. सु. तीन-चार आठवड्यांनी प्लास्टर काढल्यावर रुग्णाला जुन्या स्नायूकडून नवे काम करून घेण्यास शिकावे लागते.

मेरुरज्जूचा दुवा : १९७४ मध्ये खडकी येथे अधरांगघात झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. मेरुरज्जूस इजा झाल्यावर खालचे स्नायू जिवंत असले, तरी त्यांच्यापर्यंत इच्छेचा आदेश पोहोचत नाही. अशा वेळी पाठीचा रुंद स्नायू उपयोगी पडतो. तो कटीच्या हाडापर्यंत पसरलेला असला, तरी त्याची तंत्रिका मानेतून निघते. त्यामुळे कंबरेखाली लुळा झालेला माणूसही हात टेकून शरीर उचलू शकतो. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले व नंतर पुण्यात स्थायिक झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडल्‌बर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मी. पोहण्याच्या शर्यतीत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

उपचारांची मर्यादा : या उपचारांनी बलाची वाट बदलते, नवे बल निर्माण होत नाही व गेलेली संवेदनाही परत येत नाही. कुष्ठरोग्याच्या हाताची पकड सुधारली, की वेदनेची सूचना न मिळणारा तो हात भाजण्याचा व घासला जाण्याचा धोका उलट वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर रोज हात तपासणे, अवजारांच्या मुठी जाड करणे व गरम भांडे फडक्याने धरणे ही शिकवण उपचाराचाच भाग मानली जाते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहु-औषध उपचाराने कुष्ठरोग बरा होतो. परंतु तंत्रिका नष्ट होण्यापूर्वी निदान झाले, तरच हात वाचतो.