आयर्लंडमधील त्या माता

१७७७ साली पॅरिसमध्ये सिगो नावाच्या वैद्याने एक नवीच शस्त्रक्रिया केली. ज्या स्त्रीवर ती झाली तिचे आडनाव सुशो. मुडदुसामुळे तिची उंची जेमतेम साडेतीन फूट राहिली होती आणि आधीची चारही बाळे मृत जन्मली होती. पोट चिरून बाळ काढणे म्हणजे त्या काळी आईचा मृत्यू जवळजवळ ठरलेला. म्हणून सिगोने जघनास्थींना पुढच्या बाजूने जोडणारी कूर्चा कापली आणि बाळाची वाट रुंद केली. बाळ व बाळंतीण दोघेही वाचले. सिगोच्या गौरवार्थ पदक काढण्यात आले. त्या मातेला मात्र पुढे मूत्रावर ताबा राहिला नाही.

सिंफिझिओटॉमी या नावाने ही शस्त्रक्रिया ओळखली जाते. पुढे जंतुनाशके, सुधारलेली टाके घालण्याची पद्धत, रक्तदान व प्रतिजैविके आली, सिझेरियन सुरक्षित होत गेले आणि पश्चिम युरोपात ही क्रिया मागे पडली. जिथे शस्त्रक्रियागृहच नाही अशा दुर्गम भागात तिने प्राण वाचविले आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु १९४४ साली ती डब्लिनच्या हॉलिस स्ट्रीटवरील राष्ट्रीय प्रसूतिगृहात, म्हणजे सर्व सोयी हाताशी असताना, पुन्हा सुरू झाली. तेथील प्रमुख डॉ. अ‍ॅलेक्स स्पेन आणि १९४९ ते १९५५ या काळातील प्रमुख डॉ. आर्थर बॅरी हे तिचे पुरस्कर्ते होते.

त्यांचा विचार असा होता : सिझेरियन वारंवार करणे धोक्याचे, तीनचार वेळांनंतर पुढची गर्भधारणा टाळण्याचा सल्ला द्यावा लागणार. मग ती स्त्री संततिनियमनाकडे वा नसबंदीकडे वळणार. आयर्लंडमध्ये १९३५ च्या कायद्याने संततिनियमनाच्या साधनांची विक्री व आयात बंद होती आणि ख्रिस्तसभेची शिकवण तर सर्वश्रुतच. त्यापेक्षा हाडाचा सांधा एकदाच मोकळा केला तर पुढची बाळंतपणे आपोआप होतील! इतर प्रसूतितज्ज्ञांनी यावर कठोर टीका केली, पण प्रथा थांबली नाही. ड्रॉहेडा येथील लूर्ड्स रुग्णालयात ती १९८० च्या दशकापर्यंत चालली. हे रुग्णालय मदर मेरी मार्टिन यांच्या मेडिकल मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींच्या संस्थेचे. आफ्रिकेत जाऊन मातांची सेवा करावी या उदात्त हेतूने ज्यांनी आयुष्य वाहिले, त्यांच्याच छताखाली हे घडले, हे लिहिताना धर्मगुरू म्हणून माझी लेखणी अडखळते.

एकूण सुमारे दीड हजार स्त्रियांवर ही क्रिया झाली असे मानले जाते. बहुतेकींचे ते पहिलेच बाळंतपण. अनेकींनी पुढे सांगितले, की आपल्यावर काय केले जात आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. चालताना वेदना, मूत्रावरील ताबा जाणे, पतिपत्नीच्या संबंधातील दुःख, हे सारे बाळंतपणाचेच भोग समजून त्या सोशीत राहिल्या. एका अठरा वर्षांच्या मातेवर तर १९६९ साली आधी सिझेरियन झाले, बाळ सुखरूप बाहेर आले, आणि त्यानंतर सांधा कापण्यात आला. पुढच्या बाळंतपणाची तरतूद म्हणून! २०१२ साली उच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली.

आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलो तेव्हा मातेचे प्राण, बाळाचे प्राण, दुहेरी परिणामाचे तत्त्व यांची तासन्‌तास चर्चा चाले. तीत वैद्य असे, धर्मगुरू असे, पती असे. जिची कूस ती स्त्री क्वचितच बोलताना दिसे. आणि तरीही शिकवण अपुरी होती असे म्हणता येत नाही. पोप पायस बारावे यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर १९५७ मध्ये वैद्यांना स्पष्ट सांगितले होते, की रुग्णाने दिलेल्या परवानगीपलीकडे वैद्याला रुग्णावर स्वतंत्र असा अधिकार नाही. जानेवारी १९५६ मध्ये त्यांनी वेदनारहित प्रसूतीलाही मान्यता दिली. उत्पत्तीच्या पुस्तकातील हव्वेला उद्देशून असलेले वचन वेदना कमी करण्याच्या आड येत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. ही भाषणे त्या रुग्णालयांतील कपाटांतही असतील. खुद्द परमेश्वरानेही नाझरेथच्या कन्येच्या होकाराची वाट पाहिली, हे आपण रोज तीन वेळा देवदूताच्या प्रार्थनेत म्हणतो.

१९९९ साली इतिहास-संशोधक जॅकलिन मॉरिसी यांच्या लेखनामुळे या प्रकरणाला वाचा फुटली, आणि तीसचाळीस वर्षांनंतर कित्येकींना आपल्या दुखण्याचे नाव कळले. जुलै २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने आयर्लंडला चौकशी करण्यास सांगितले. त्याच वर्षी शासनाने भरपाईची योजना काढली. न्यायमूर्ती मॉरीन हार्डिंग क्लार्क यांनी तिचे काम पाहिले. २०१६ च्या त्यांच्या अहवालानुसार या क्रियेमागील कारणे वैद्यकीय होती, धार्मिक हेतूचा पुरावा आढळला नाही. पीडित स्त्रियांच्या संघटनांना ते पटले नाही. मला विचाराल तर हेतू धार्मिक होता की वैद्यकीय, या वादात मूळ प्रश्न हरवतो. तिला विचारले का, एवढाच तो प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर दोन्ही पक्षी सारखेच येते.

या योजनेकडे ५९० अर्ज आले, ३९९ स्त्रियांना भरपाई मिळाली. तिचे टप्पे पन्नास हजार, एक लाख आणि दीड लाख युरो असे होते. रक्कम स्वीकारणाऱ्या स्त्रीने न्यायालयातील आपला दावा सोडून द्यावा, अशी अट होती. शासनाने स्वतःवर कोणतीही जबाबदारी घेतली नाही.