वार्तेची कोंडी

वर्धा जिल्ह्यांत आज शेतमजुराच्या खिशांतहि पुष्कळदां मोबाइल असतो. स्वस्त धान्याच्या दुकानांतील लबाडी असो वा शिपायाची अरेरावी, डोळ्यांसमोर घडेल त्याचें चित्र तो क्षणार्धांत दूरवर धाडूं शकतो. या सोयीचें खरें मोल जाणावयाचें तर याच जिल्ह्याचा ऐंशी वर्षांपूर्वींचा इतिहास पाहिला पाहिजे.

१६ ऑगस्ट १९४२ रोजीं वर्धा जिल्ह्यांतील आष्टी व शेजारच्या चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें लोकक्षोभ उसळला. गोळीबार झाला, जमावाच्या हातून सरकारी माणसेंहि मारलीं गेलीं. पुढें चिमुरांत शिरलेल्या सैनिकांनीं स्त्रियांची विटंबना केली, अशी तक्रार उठली. सेवाग्राम आश्रमांतील प्रो. जयकृष्ण भन्साळी यांनीं निःपक्षपाती चौकशी मागितली. ती मिळेना तेव्हां त्यांनीं उपोषण आरंभिलें. तें ६३ दिवस चाललें. सरकारनें त्या उपोषणाची बातमी छापण्यासच बंदी केली! निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्यें अनेक वृत्तपत्रांनीं एक दिवस अंकच काढले नाहींत.

तत्पूर्वीं मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओनें आष्टी-चिमूरचें वृत्त देशास ऐकविलें होतें. वरचेवर जागा बदलीत तें केंद्र २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत टिकलें. अखेर पोलिसांनीं तें पकडलें व उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली. दोन गांवांची हकीकत वेशीबाहेर नेण्यास एकास उपवास घडला, दुसरीस तुरुंगवास.

आज ती किंमत पडत नाहीं. परंतु वार्ता कोंडण्याची सत्ता नाहींशी झाली, असें आम्हांस म्हणवत नाहीं. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या आधारें २०१७ सालीं इंटरनेट बंद करण्याचे नियम झाले, व २०२३ च्या दूरसंचार कायद्यांतहि ती सत्ता राखलेली आहे. अशी बंदी बेमुदत असूं नये आणि तिचा हुकूम प्रसिद्ध व्हावा, असें सर्वोच्च न्यायालयानें काश्मीरच्या प्रकरणांत १० जानेवारी २०२० रोजीं बजावलें. १९४२ सालीं असें बजावणारें कोणी नव्हतें.

मात्र दोष केवळ सत्तेच्या पदरीं घालून चालणार नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवेपायीं, भिक्षा मागून जगणाऱ्या पांच निरपराध भटक्यांस जमावानें ठार केलें. तेथें वार्ता मोकळी होती. चौकशीस मात्र कोणी थांबलें नाहीं.

म्हणून भन्साळींची मागणी नेमकी काय होती, हें आम्ही वाचकांस पुन्हा सांगूं इच्छितों. माझें म्हणणें खरें माना, असा त्यांचा हट्ट नव्हता. चौकशी करा, एवढेंच ते म्हणत होते. खिशांतील यंत्रानें तक्रार चव्हाट्यावर नेतां येते. तिची शहानिशा सरकारकडून करवून घेणें, आणि ती होईपर्यंत स्वतःचा हात आवरणें, हीं दोन्ही कामें नागरिकासच करावीं लागतात.