उज्जैनच्या वर्गातील इंग्रजी उतारा : वाचनपाठांच्या इतिहासाचा एक धागा

भारतातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास सामान्यतः मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणापासून सांगितला जातो, आणि तो बहुतेक वेळा धोरणांचा इतिहास असतो. कोणी कोणता ठराव केला, कोणत्या आयोगाने काय शिफारस केली, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. वर्गात बसलेल्या मुलाच्या हातात कोणते पान होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ते पान बहुधा एका छोट्या उताऱ्याचे असे. दहा-पंधरा ओळींची गोष्ट किंवा माहिती, वर काही कठीण शब्द, खाली चार-पाच प्रश्न. आजही महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी इंग्रजीला भेटतो तो याच रूपात. या उताऱ्याकडून वेगवेगळ्या काळात वेगवेगळे काम करून घेतले गेले. ते काम कोणाच्या सोयीचे होते आणि कोणाच्या नव्हते, याचा विचार प्रस्तुत लेखात उज्जैन शहर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

उज्जैन निवडण्याचे कारण भाषिक आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी लष्करला राजधानी नेईपर्यंत उज्जैन हे शिंद्यांचे मुख्य ठाणे होते. त्यामुळे मराठी बोलणारी कारकुनी, लष्करी आणि पुरोहित घराणी येथे स्थिरावली. बाजारात माळवी चाले, कागदोपत्री फारसी आणि पुढे उर्दू-हिंदी. अठराव्या शतकात काही काळ दाऊदी बोहरा समाजाच्या दाईंची गादीही उज्जैनला होती. या समाजाची घरची भाषा गुजरातीच्या वळणाची, पण लिपी अरबी, म्हणजे उजवीकडून डावीकडे जाणारी. अशा शहरात इंग्रजी ही ‘दुसरी’ भाषा म्हणून कधीच आली नाही. कोणाची ती तिसरी, कोणाची चौथी होती. परकी भाषा शिकताना आधार कोणत्या भाषेचा घ्यायचा, हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा येथे अधिक टोकदार होता.

या प्रश्नाला माळव्यात फार लवकर हात घातला गेला होता. भोपाळचे पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन हे उज्जैनपासून फार दूर नसलेल्या सिहोर येथे राहत. तेथील शाळेत त्यांनी पाश्चात्त्य खगोलशास्त्र शिकवण्यासाठी भास्कराचार्यांच्या सिद्धांतग्रंथांचा आधार घेतला. विद्यार्थ्याला जे आधीच ठाऊक आहे त्याच्या खांद्यावर नवे ज्ञान ठेवावे, ही त्यांची भूमिका १८३४ च्या त्यांच्या निबंधात स्पष्ट दिसते. त्यांचे सहकारी सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत लिहिले. विल्किन्सन इंग्रजीचे पुरस्कर्ते नव्हते, उलट देशी भाषांचे होते. तरीही ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याचे त्यांचे सूत्र पुढे इंग्रजीच्याच वर्गात सर्वांत जास्त उपयोगी पडले, ही थोडी गमतीची बाब आहे. इंदूरला १८४१ मध्ये सुरू झालेल्या मदरशात हिंदी, मराठी, फारसी आणि इंग्रजी अशा चार भाषा एकाच छपराखाली होत्या. माळव्यातील शिक्षणाचे खरे चित्र हे असे चौपदरी होते.

मुंबई इलाख्यात मात्र पाठ्यपुस्तकांचे साचे झपाट्याने ठरत गेले. सुरुवातीला स्कॉटलंडमधील मॅक्कलकची वाचनमाला चालली. शिक्षण खात्याचे संचालक ई. आय. हॉवर्ड यांच्या नावाची इंग्रजी पुस्तके १८६० नंतर शाळाशाळांत पोचली, आणि पुढे ‘रॉयल रीडर’ आले. ही पुस्तके विलायती मुलांसाठी लिहिलेली, किंवा त्यांच्याच धर्तीवर बेतलेली होती. उताऱ्यात बर्फ, चिमणी, मेंढपाळ, नौका. भाषा शिकवणे हे उताऱ्याचे एक काम, सद्गुण शिकवणे हे दुसरे, आणि बरेचदा दुसरेच वरचढ. विलायतेतील मूल वर्गात येते तेव्हा त्याला बोलता येत असते. त्याला फक्त अक्षरे शिकायची असतात. येथील मुलाला अक्षरेही नवी, शब्दही नवे आणि उताऱ्यातले हवामानही नवे. परिणामी मुले पाठ तोंडपाठ करीत. या सवयीबद्दल मुलांना नेहमी दोष दिला जातो. पण ज्या पानावरील दर तिसरा-चौथा शब्द अनोळखी आहे, ते पान पाठ करण्याखेरीज मुलाने दुसरे काय करावे, याचे उत्तर दोष देणाऱ्यांकडून सहसा मिळत नाही.

मराठी मुलांना यातून एक वाट मिळाली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी. वाक्ये सुटी असत, त्यांत गोष्ट नसे, आणि त्यांतील काही इतकी विचित्र की त्यांवर पुढे पिढ्यान्‌पिढ्या विनोद झाले. पण या पुस्तकाने हजारो मराठी माणसांना इंग्रजी वाचता-लिहिता केले, हे नाकारता येत नाही. शिक्षक चांगला नसला तरी पुस्तक चाले, हे त्याचे खरे बळ होते. पुणे-मुंबईच्या छापखान्यांतून येणाऱ्या अशा पुस्तकांची वाट माळव्यातील मराठी घरांनाही खुली होती.

ही वाट सर्वांना खुली नव्हती, याकडे मात्र इतिहासलेखकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. भाषांतराने इंग्रजी शिकायची तर आधाराची भाषा पक्की हवी. उर्दू माध्यमातील मुलाला मराठी पाठमाला म्हणजे एका परक्या भाषेतून दुसरी परकी भाषा. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली आणि १८८० मध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा हाच पेच समोर होता. १८८२ च्या हंटर आयोगाने मुस्लिम मुलांसाठी आवश्यक तेथे हिंदुस्थानी भाषेतून शिक्षणाची सोय करावी, अशी शिफारस केली. शिफारस योग्यच होती. पण माध्यमाचा प्रश्न सोडवला म्हणून इंग्रजीच्या पुस्तकाचा प्रश्न सुटत नाही. मुस्लिम समाज इंग्रजीपासून दूर राहिला याची कारणे धार्मिक मानसिकतेत शोधण्याची प्रथा जुनी आहे. हातात कोणते पुस्तक दिले गेले, ही साधी चौकशी आधी व्हायला हवी होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाषांतराला विरोध सुरू झाला. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले पी. सी. रेन यांनी १९११ मध्ये भारतीय शाळांतील इंग्रजीच्या प्रत्यक्ष अध्यापनावर पुस्तक लिहिले. वस्तू दाखवा, कृती करा, इंग्रजीतच बोला, मातृभाषा मध्ये आणू नका, असा या पद्धतीचा आग्रह होता. पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीने आणि एच. मार्टिन यांच्यासह केलेल्या व्याकरणाने नाव झालेले रेन हेच. प्रत्यक्ष पद्धतीत आधाराच्या भाषेचा अडथळा नव्हता, म्हणजे वर सांगितलेला पेच तिने कागदावर सोडवला. पण ती सर्वस्वी शिक्षकावर अवलंबून होती. अस्खलित इंग्रजी बोलणारा शिक्षक मोठ्या शहरातील चार शाळांत मिळे. तालुक्याच्या गावी नाही. तर्खडकरांचे पुस्तक शिक्षकाशिवाय चाले, रेन यांची पद्धत शिक्षकाशिवाय एक पाऊल टाकू शकत नसे.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न ढाक्याला झाला. मायकेल वेस्ट (१८८८–१९७३) हे तेथील अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी पूर्व बंगालमधील शाळांत पाहणी आणि प्रयोग करून १९२६ मध्ये द्विभाषिकतेवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला प्रश्न पद्धतीचा नव्हताच, गळतीचा होता. बहुसंख्य मुले शाळा मधूनच सोडतात. विम्याची पॉलिसी मुदतीआधी सोडली तर हाती काही रक्कम येते, तिला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. वेस्ट यांनी हाच शब्द शिक्षणाला लावला. तीन वर्षे इंग्रजी शिकून शाळा सोडणाऱ्या मुलाच्या पदरात काय पडते? अर्धवट संभाषण गावी परतल्यावर विसरले जाते. वाचनाचे तसे नाही. थोडे वाचता येत असेल तर पुढे स्वतःच्या बळावर वाढवता येते. म्हणून आधी वाचन, बोलणे नंतर, असे त्यांचे मत झाले.

मग त्यांनी चालू वाचनमाला तपासल्या. एकेका पानावर नव्या शब्दांची गर्दी, आणि त्यातील कित्येक शब्द पुन्हा कधीच भेटत नाहीत. वेस्ट यांनी उतारे नव्याने लिहिले. शब्द किती वापरात आहे हे थॉर्नडाइकच्या १९२१ च्या यादीवरून पाहायचे, दुर्मिळ शब्दाच्या जागी परिचित शब्द घालायचा, नवे शब्द दूर दूर पेरायचे आणि एकदा आलेला शब्द पुढील मजकुरात पुन्हा पुन्हा आणायचा. प्रश्न आधी द्यायचे, म्हणजे उत्तर शोधण्यासाठी मूल मनातल्या मनात वाचते. यातून लाँगमन्सची ‘न्यू मेथड’ वाचनमाला तयार झाली. वरवर पाहता ही लहान तांत्रिक सुधारणा वाटते. प्रत्यक्षात उताऱ्याचे काम बदलले होते. नवा शब्द आता मराठीच्या, उर्दूच्या किंवा बंगालीच्या आधाराने नव्हे, तर आजूबाजूच्या ओळखीच्या इंग्रजी शब्दांच्या आधाराने कळू लागला. विल्किन्सन यांचे ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणारे सूत्र येथे एका पानाच्या आत उतरले.

वेस्ट यांच्यावर टीकाही झाली, आणि ती सगळी अनाठायी नव्हती. टोकियोत काम करणारे हॅरॉल्ड पामर मौखिक भाषेला अग्रक्रम देत होते. गोष्टीतील शब्द सोपे केले की गोष्टीची चवही जाते, हा आक्षेपही खरा आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कला कार्नेगी संस्थेच्या आश्रयाने झालेल्या परिषदेत दोघे एकत्र आले. त्या कामाचा शेवट १९५३ मध्ये वेस्ट यांनी संपादित केलेल्या सुमारे २००० शब्दांच्या ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’मध्ये झाला.

याच काळातील उज्जैन पाहिले तर शिकण्याची आणखी एक तऱ्हा दिसते. मराठी घरात जन्मलेले आणि पुढे हिंदीचे थोर कवी झालेले गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांचे शिक्षण मुख्यतः उज्जैनचे. १९३० मध्ये ते मिडलच्या परीक्षेत येथेच नापास झाले. नंतर माधव कॉलेजातून इंटर आणि इंदूरच्या होळकर कॉलेजातून १९३८ मध्ये बी. ए. असा त्यांचा मार्ग आहे. बडनगर, शुजालपूर, उज्जैन येथील शाळांत त्यांनी मास्तरकी केली. मराठीभाषक प्रभाकर माचवे हे १९४० च्या दशकात माधव कॉलेजात शिकवीत होते. १९४३ च्या ‘तार सप्तक’ संग्रहात हे दोघेही आहेत. घरी मराठी, लेखन हिंदीत, वाचन इंग्रजीत, अशी ही पिढी. तिचे इंग्रजी वाचन क्रमिक पुस्तकाच्या पलीकडे गेले ते ग्रंथालय आणि मित्रमंडळ यांच्या जोरावर. परंतु अशी उदाहरणे पुढे करून ‘इच्छा असेल तर येते’ असे सांगणे शिक्षकाला शोभत नाही. वाचनमाला लिहिल्या जातात त्या वर्गातील बाकीच्या चाळीस मुलांसाठी.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजीची वर्षे कमी झाली. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने इंग्रजीचा आरंभ आठवीवर नेला. दुसरीकडे रचनाधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. उतारा आता वाक्यरचनांचा सराव करून घेण्याचे साधन बनला. परीक्षेत तो ‘अपठित’ म्हणून आला आणि येथे त्याची सर्वांत मोठी घसरण झाली. प्रश्नातील एक शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवून काढायचे, ही युक्ती मार्गदर्शकांनी शिकवली. वेस्ट यांचे ‘प्रश्न आधी’ हे तत्त्व नावापुरते शिल्लक राहिले. उताऱ्याचा अर्थ न कळताही गुण मिळू लागले. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर प्रकल्पात नकाशे, वेळापत्रके अशा मजकुरावर विचार करायला लावणारी कामे दिली. त्यात उत्तर उचलून लिहिण्याची सोयच नव्हती. प्रकल्पाची कीर्ती परदेशात अधिक झाली.

उज्जैनला १९५७ मध्ये विक्रम विद्यापीठ स्थापन झाले आणि आग्रा विद्यापीठाशी असलेला जुना संबंध संपला. पुढे मध्य प्रदेशातील पदवी वर्गांना आधार पाठ्यक्रम लागू झाला. मध्य प्रदेश हिंदी ग्रंथ अकादमीची ‘इंग्लिश लँग्वेज अँड इंडियन कल्चर’ आणि ‘इंग्लिश लँग्वेज अँड सायंटिफिक टेंपर’ ही पुस्तके हिंदी माध्यमातील विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी वाचली. निवड भारतीय होती, बर्फ आणि मेंढपाळ गेले होते, हे मोठेच पाऊल. पण थोरांचे निबंध मूळ भाषेत घ्यायचे म्हटले की शब्दांची जुनी गर्दी पुन्हा येते. गांधी, नेहरू किंवा राधाकृष्णन यांनी परकी भाषा शिकणाऱ्यासाठी लिहिले नव्हते.

या गर्दीचे मोजमाप आता करता येते. वाचनाच्या संशोधनात शब्दांपैकी ९५ ते ९८ टक्के परिचित असावेत, असे मानले जाते. ९८ टक्के म्हणजे पन्नास शब्दांमागे एक अनोळखी. २०० शब्दांच्या उताऱ्यात चार. २०१३ मध्ये वेस्ट यांची यादी नव्याने करण्यात आली. तीत सुमारे २८०० शब्द आहेत आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा नऊ दशांशांहून अधिक भाग त्यांत येतो. समुदाय महाविद्यालयात सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा अभ्यासक्रम घेणारा विद्यार्थी हा वेस्ट यांच्या ढाक्यातील, मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाचाच भाऊबंद आहे. तो उर्दू माध्यमातून आला असेल, मराठी किंवा हिंदी माध्यमातून आला असेल. एकाच वर्गात तिन्ही असतील. त्याला पुढे वाचायची असते ती यंत्रावरची सूचना, औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर, बँकेचा अर्ज. यातील प्रत्येक मजकूर शंभर-दीडशे शब्दांचा असतो. तो यादीशी ताडून, चार-पाचपेक्षा अधिक असलेले अनोळखी शब्द बदलून वर्गात नेण्यास एका शिक्षकाला अर्धा तास पुरतो.