पूर्णाकाठचं मीठ

आपल्या पूर्णाकाठच्या विहिरींना पाणी असतं, पण पिता येत नाही. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून आपला खारपाण पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूरकडच्या बायांना त्याबद्दल वेगळं काय सांगावं? तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि अशा गावात लेक द्यायची म्हटलं की माणसं मागेपुढे पाहतात.

हे मीठ आलं कुठून? सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधल्या खोलगट भागात नदीने हजारो वर्षं गाळ आणून टाकला. त्या चिकणमातीतून पाण्याचा निचरा नीट होत नाही, मग क्षार तिथेच साचतात. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरात पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींची नोंद आहे. त्यांच्या पाण्यापासून लोक मीठ करत. आज जे आपल्याला नकोसं झालंय, त्यावर तेव्हा कोणाची तरी चूल पेटत होती!

आता गावोगावी आरओचं यंत्र आलंय. ते पाणी दाबाने बारीक पडद्यातून ढकलतं, मीठ मागे राहतं. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० पासून समुद्राचं पाणी असंच गोडं करतात; कारखाना रोज १० कोटी लिटरचा. मुंबई महापालिकेनेही मनोरीला २० कोटी लिटरचा प्रकल्प आखलाय. पण समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज लागते. आपलं पाणी त्यापेक्षा बरंच कमी खारं, म्हणून वीजही कमी लागते. ही आपली जमेची बाजू.

पण उरलेलं जास्त खारं पाणी किनाऱ्यावरचे लोक समुद्रात सोडतात. आपल्याकडे समुद्र कुठाय? गावातलं यंत्र कित्येकदा जेवढं गोडं पाणी देतं, तेवढंच फेकूनही देतं. ते नालीतून शेतात जातं, मुरतं आणि पुन्हा विहिरीत येतं.

दुसरी वाट डोंगरातल्या गोड्या पाण्याची. वान धरणावरून अकोला जिल्ह्यात ८४ खेडी योजना आली, दर्यापूर-अंजनगावकडे शहानूरचं पाणी. नळ नियमित येत असेल तर यंत्राचा खर्च कशाला, असं आम्हाला वाटतं. नळ येतच नसेल, तर यंत्र घ्यावंच लागेल. मग ग्रामसभेत मंजुरीआधी दोन गोष्टी लिहून घ्या: पडदा बदलायचे पैसे कोण देणार, आणि फेकलेलं पाणी कोणाच्या शेताकडे जाणार.