घरातले दप्तर आणि इतिहासाचे साधन

२२ जून १८४४ रोजी याच सुरतेत मानवधर्मसभा स्थापन झाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि दुर्गाराम मेहताजी हे तिचे धुरीण. जातिभेद व मंत्रतंत्र यांवर प्रहार करणारी ही सभा अल्पायुषी ठरली; तरी तिच्या चर्चा आज आपणांस कळतात, त्या प्रामुख्याने दोन खासगी लेखनांमुळे. दुर्गारामांच्या नित्यनोंदी महीपतराम रूपराम यांनी त्यांच्या १८७९ च्या चरित्रात घेतल्या. दादोबांचे अपुरे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर ६५ वर्षांनी, प्रकाशात आणले. मधल्या काळात ते रद्दीत गेले असते, तर दादोबांचा सुरतेतील काळ त्यांच्याच शब्दांत आपणांस वाचता आला नसता.

दूरचित्रवाणीच्या लेखकाला हाच न्याय अधिकच लागू पडतो, असे मी मानतो. प्रक्षेपण घटकाभराचे, बीबीसीसारख्या संस्थेनेही जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. मागे उरतो तो संहितेचा खर्डा, त्यावरील खाडाखोड आणि निर्मात्याशी झालेला पत्रव्यवहार. असे दप्तर ग्रंथालयाने मूळ क्रम न मोडता स्वीकारावे, त्याची यादी करावी, गंजत्या टाचण्या काढून ते आम्लविरहित वेष्टनांत ठेवावे. आणि तळमजल्यावर मात्र ठेवू नये. २००६ साली तापीच्या पुराने हा धडा सुरतेला दिलाच आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती: वडीलधाऱ्यांचे कागद रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी एकदा ग्रंथपालास दाखवावेत.