नागपूर आणि नाग

ज्या नगराच्या नावातच नाग आहे, त्या नगरातील सुशिक्षित घरात साप निघाला म्हणजे प्रथम काठी शोधली जाते. श्रावण शुद्ध पंचमीस मात्र त्याच घरी पाटावर गंधाने नाग रेखाटून त्यास लाह्या व दूध वाहिले जाते. पूजा चित्राची आणि काठी जिवंत प्राण्याला, ह्या विसंगतीचा थोडा ऐतिहासिक विचार करावयाचा आहे.

प्रथम नावच घेऊ. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद ह्याने इ. स. १७०२ च्या सुमारास नागनदीच्या काठी हे नगर वसविले, हे सर्वश्रुत आहे. परंतु नाव त्याहून साडेसातशे वर्षांनी जुने आहे. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे मिळालेल्या राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण ह्याच्या शके ८६२, म्हणजे इ. स. ९४० च्या ताम्रपटात ‘नागपुर-नंदिवर्धन’ ह्या विषयाचा, म्हणजे प्रांतविभागाचा, उल्लेख आहे. हे नंदिवर्धन म्हणजेच रामटेकजवळचे नगरधन होय.

नंदिवर्धन ही एके काळी वाकाटकांची राजधानी होती. पहिला रुद्रसेन हा भारशिव नागवंशातील भवनाग राजाचा दौहित्र, असे वाकाटकांचे ताम्रपट अभिमानाने सांगतात. पुढे अज्ञान पुत्राच्या वतीने राज्यकारभार पाहणारी प्रभावतीगुप्ता हिनेही नंदिवर्धनाहून दिलेल्या दानपत्रात आपली माता कुबेरनागा ही नागकुलातील असल्याचे नमूद केले आहे. हे नाग म्हणजे साप नव्हेत, राजकुले होत, हे सांगावयास नकोच. परंतु साप हा केवळ घृणेचा विषय असता, तर राजकुलांनी त्याचे नाव मिरविले नसते आणि सम्राटांच्या कन्येने ते ताम्रपटावर कोरविले नसते.

ह्याहून बोलका पुरावा वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे आहे. तेथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनी मिळून केलेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे. ध्यानस्थ बुद्धावर पाऊस कोसळू लागला तेव्हा ज्याने आपल्या फणांचे छत्र धरले, तोच हा मुचलिंद. ह्या शिल्पकारांना नाग मारणारा नव्हे, राखणारा दिसला. ऑक्टोबर १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना, बुद्धधर्माचा प्रसार करणाऱ्या नागलोकांचे स्मरण केले, तेही ह्याच परंपरेचे.

मग काठी आली कोठून? भीती पुरातन आहे व ती निराधार नाही. सन २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. इंग्रजी अमदानीत सरकारने साप मारून आणणाऱ्यास बक्षिसे दिली, तेव्हा ह्या भीतीला द्रव्याची जोड मिळाली. आपल्याकडील बहुतेक सर्पदंशमृत्यूंस नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार जातीच कारण होतात. काठीला मात्र हा भेद कळत नाही; शेतातले उंदीर खाणारी बिनविषारी धामणही तिच्याखाली मरते.

पूजेनेही नागाचे भले झाले नाही. गारुड्याच्या टोपलीतील नाग बहुधा दात काढलेला व उपाशी असे. पुंगीच्या सुरावर तो डोलतो असे आपण मानतो. तो डोलतो तो पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून. दूध हे त्याचे अन्नच नव्हे. तहानेने व्याकूळ झाल्याने तो ते पितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग पकडणे वा घरी पाळणे आता गुन्हा आहे, हे योग्यच झाले.

नागाचा उपकार पाहावयाचा असेल तर सर्पदंशाच्या औषधाकडे पाहावे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार केले जाई; आजही कृती मूलतः तीच आहे. म्हणजे ज्याच्या दंशाने माणूस मरतो, त्याच्याच विषावाचून माणूस वाचविण्याचे औषध सिद्ध होत नाही. दंश झालेल्या मनुष्यास मांत्रिकाच्या दारी नेण्यात जो वेळ जातो, तोच वेळ त्याला रुग्णालयात पोहोचवून वाचवू शकतो.

म्हणून आदर म्हणजे केवळ नमस्कार नव्हे. ज्याला नमस्कार करावयाचा त्याची ओळख करून घेणे हाही आदरच. घरात साप निघाला तर दूर उभे राहावे, मुलांना बाजूस घ्यावे, त्याच्यावर नजर ठेवावी व वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावे. पंचमीच्या पाटावर गंधाचा नाग अवश्य रेखाटावा; मात्र अंगणात खरा आला तर त्यास सुखरूप जाऊ द्यावे. ज्या नगराने हजार वर्षांहून अधिक काळ त्याचे नाव धारण केले, त्याने एवढे ऋण मानणे उचित आहे.